वय ३८, हातात कधी काठीही धरलेली नाही. शस्त्रकला शिकायची तर सुरुवात कशानं करू?

तिखटमीठ

नमस्कार मंडळी. गेल्या गणपतीत लक्ष्मी रस्त्यावर मिरवणूक बघत उभी होते. एका मंडळापुढे मर्दानी खेळाचं पथक होतं. दहावी-अकरावीतली एक मुलगी, नऊवारी, डोक्याला फेटा आणि दोन्ही हातांत पट्टे. तिच्याभोवती जे रिंगण झालं होतं ते पोलिसांनी केलेलं नव्हतं, पात्याचा आवाज ऐकून लोक आपसूक मागे सरकत होते. मी तिथं पाऊण तास उभी राहिले. घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, मला हे शिकायचंय. तो म्हणाला, आधी गुडघ्याचं बघ.

तर परिस्थिती अशी. वय ३८, बँकेत नोकरी, दिवसभर खुर्ची. डावा गुडघा जिना उतरताना कुरकुरतो. शाळेत खोखो खेळायचे, त्यानंतर व्यायाम म्हणजे लॉकडाउनमधला योगा, तोही दीड महिना. कराटे-तायक्वांदो नको. लाथा मारायचं वय गेलं आणि आवडही नाही. मला हातात काहीतरी हवंय. पण यूट्यूब उघडलं तर लाठी, केन्डो, फेन्सिंग, कलारी, फिलिपिन्सची काठी असं एकामागून एक येत राहिलं आणि डोकं गरगरलं. आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी मोकळ्या असतात. राहायला सिंहगड रस्त्याला. स्वसंरक्षण हा मुख्य हेतू नाही. जाणकारांनी सांगा.

रंकाळा_कट्टा

भावा, यात विचारायचं काय? मर्दानी खेळ! आपल्या मातीतली गोष्ट सोडून जपान्यांची काठी कशाला? २०२४ च्या शिवजयंतीला सरकारनं दांडपट्ट्याला राज्यशस्त्र म्हणून जाहीर केलंय. आमच्या कोल्हापुरात पेठेपेठेत तालमी आहेत. लाठी, फरी-गदका, विटा (दोरी बांधलेला भाला), माडू (शिंगांचं हत्यार), बोथाटी (बोथट टोकाचा भाला), भाला, पट्टा, सगळं एका छताखाली. पुण्यातबी वस्ताद आहेत, शोधा म्हणजे सापडतील.

तिखटमीठ

भाऊ नाही हो, ताई. नऊवारी, नवरा, सगळं लिहिलंय वर :-)

रंकाळा_कट्टा

माफी असावी ताई. पहिली ओळ वाचून धागा उघडला की असं होतंय. आता नीट वाचलं, तर एक गोष्ट सांगतो. पट्टा बघून आलाय, पण पट्टा पहिल्या वर्षी मागू नका. त्याची मूठ खोबळ्याच्या आत असते, हात कोपरापर्यंत लोखंडात. मनगट वळतच नाही. मनगट नाही म्हटल्यावर फिरवायचं कोपर, खांदा आणि कमरेनं. पातं लांब, लवलवतं. थांबवायचं कुठं हे अंगाला कळलं नसेल तर पहिला वार स्वतःच्याच पोटरीवर. म्हणून सुरुवात लाठीनं. पहिले दोन महिने वस्ताद पायच बघतो, लाठीकडं ढुंकून बघत नाही. पवित्रा जमला की पुढचं.

खडूस_काका

रस्त्यावर कुणी चाकू काढला तर यातलं काही उपयोगी पडत नाही, पळायचं असतं. ते पैसे चांगल्या बुटांवर घाला.

सेबरचा_बाप

काका, त्यांनी शेवटून दुसऱ्या ओळीत लिहिलंय की स्वसंरक्षण हा मुख्य हेतू नाही.

माझी मुलगी सात वर्षं फेन्सिंग करते, छत्रपती संभाजीनगरला. त्यामुळे या खेळाच्या कडेला बसून मी बरंच काही शिकलोय, विशेषतः चहा. आपण सरसकट तलवारबाजी म्हणतो, पण तीन वेगळी हत्यारं आहेत आणि तिघांचा स्वभाव वेगळा. फॉइलमध्ये फक्त धड, टोकानंच स्पर्श. सेबरमध्ये पंजे सोडून कमरेच्या वरचं सगळं, धारेनंही चालतं, आणि हे प्रकरण इतकं वेगवान की मला अजूनही गुणाचा दिवा लागल्यावरच कळतं काय झालं ते. टोकियो ऑलिंपिकला गेलेली भवानी देवी सेबरचीच. ऑलिंपिकला पोचलेली ती पहिली भारतीय फेन्सर, आणि पहिली लढत जिंकलीसुद्धा.

तिसरं एपे. तुम्हाला मी हे सुचवेन. पायाच्या अंगठ्यापासून डोक्यापर्यंत कुठेही स्पर्श चालतो, पण फक्त टोकानं, आणि टोकाची स्प्रिंग दाबायला किमान ७५० ग्रॅम दाब लागतो. आधी हल्ला कुणी केला हा वाद इथे नाही. ज्याचा स्पर्श आधी, त्याचा गुण. दोघांचे एका सेकंदाच्या पंचविसाव्या भागात लागले तर दोघांनाही गुण. त्यामुळे घाई करणारा हरतो आणि वाट बघणारा जिंकतो. मुलीच्या हॉलमध्ये एक पन्नाशीचे गृहस्थ येतात, पोट सुटलेलं. कॉलेजची पोरं त्यांच्यावर धावून जातात आणि ते नुसता हात लांब करून उभे असतात. पोरं स्वतःच येऊन टोकावर आदळतात.

अडचण सांगायची तर बहुतेक ठिकाणी शाळकरी मुलांच्याच बॅच असतात. मोठ्यांना घेता का, हे आधी विचारा. आणि जाळीचा मुखवटा, जाकीट, आतलं प्लास्ट्रॉन (छाती-बगल झाकणारं कापडी कवच) हे सगळं पहिल्या महिन्यात विकत घेऊ नका, क्लबचं वापरा. घामाचा वास येईल, तो सहन करा.

वडापाव_दोजो

मी मुंबईत केन्डो, म्हणजे जपानी तलवारबाजी, करतो, सुरुवात ४१ व्या वर्षी. तिखटमीठ, तुमच्या वयाबद्दल एकच सांगतो. केन्डोत आठव्या दानच्या (सगळ्यात वरच्या पायरीच्या) परीक्षेला बसायलाच किमान वय ४६ लागतं. तुम्ही अजून लहान आहात.

शिनाई म्हणजे बांबूच्या चार पट्ट्या बांधून केलेली तलवार. बायकांसाठीची मोठी साइज ४४० ग्रॅमच्या पुढे, पुरुषांची ५१० च्या पुढे. हलकी वाटते ना? दोनशे वेळा डोक्यावरून खाली आणून बघा. आणि सरावाआधी दर वेळी पट्ट्यांवरून बोट फिरवून कुठे कुसळ निघालंय का ते बघायचं. ते कुसळ समोरच्याच्या जाळीतून डोळ्यात जाऊ शकतं. आमच्याकडे नव्या माणसाला पहिली शिकवण ही, वार नंतर.

आता खरं दुखणं. पहिले चार महिने मला चिलखत मिळालं नाही. अनवाणी, लाकडी फरशीवर, उजवा पाय पुढे, डावी टाच किंचित उचललेली, आणि नुसतं सरकायचं. पुढे, मागे, पुढे, मागे. डाव्या तळव्याला बोटांच्या मुळाशी रुपयाएवढा फोड आला, फुटला, त्याखाली दुसरा आला. बायको म्हणाली, तू नक्की तलवारच शिकायला जातोस ना? आमच्याबरोबर सुरू केलेल्या नऊ जणांपैकी दोघं उरलो.

मग चिलखत चढलं आणि पहिल्यांदा कुणीतरी माझ्या डोक्यावर मारलं. त्या दिवशी कळलं की आपण का टिकलो. वार नुसता लागून भागत नाही. ओरडणं, शिनाई आणि पाय एकाच क्षणी पडले पाहिजेत, आणि वार झाल्यावरही सावध राहायला हवं. गुण मिळाल्यावर आनंदानं मूठ उंचावलीत तर पंच गुण काढूनही घेतात. ऑफिसात आरडाओरडा ऐकून आलेल्या माणसाला इथे स्वतः ओरडायला मिळतं, हा वेगळाच फायदा.

गुडघ्याचं मात्र विचारून घ्या. उजवा पाय जोरात आपटावा लागतो.

नेकारकाठचा

श्टुटगार्टहून. इथे जुनी युरोपीय तलवारबाजी करतो, दोन हातांनी धरायची लांब तलवार. गंमत अशी की या लोकांची परंपरा मधेच तुटली. शिकवणारं कुणी उरलं नव्हतं, पुस्तकं मात्र उरली. आमचा क्लब योआखिम मायर नावाच्या उस्तादाचं १५७० साली स्ट्रासबुर्गला छापलेलं पुस्तक उघडून बसतो, चित्रातल्यासारखे पाय ठेवतो आणि अर्धा तास भांडतो की डावा कोपर वर आहे की खाली. म्हणजे आपल्याकडे तालिकोटची लढाई होऊन पाच वर्षं झाली होती तेव्हाचं पुस्तक. आपलं नेमकं उलट. शिकवणारे वस्ताद हयात आहेत, लिहून ठेवलेलं थोडं. मला कधीकधी वाटतं की रंकाळा_कट्टा यांच्यासारख्यांनी रोज एक पान लिहावं.

भारतात हे शिकवणारे फार थोडे, तेव्हा तुम्हाला सुचवत नाही. पण एक गैरसमज काढून टाकतो. तलवारी जड नसायच्या. आमच्या सरावाच्या दीड किलोच्या आत-बाहेर असतात, त्याही दोन हातांनी धरायच्या. आपल्याकडची एका हाताची तलवार साधारण किलोभर. व्हॉट्सॅपवर साठ किलोची तलवार आणि ऐंशी किलोचा भाला फिरतो, तो फिरवणाऱ्यानं आधी पन्नास किलोची सिमेंटची गोणी एका हातात धरून दाखवावी.

रंकाळा_कट्टा

@नेकारकाठचा, लिहितो. पण वस्ताद म्हणतील, लिहितोस कशाला, उठ आणि लाठीचे दहा हात काढ.

कोचीकर_कुलकर्णी

कलारीबद्दल, म्हणजे केरळच्या युद्धकलेबद्दल थोडंसं. चार वर्षं कोचीत होतो, त्यातली दोन कलारीत गेली. परंपरेनं जमिनीत खणलेला चौक, ४२ फूट लांब आणि २१ रुंद. हत्यार दिसतं पण हातात येत नाही. आधी अंग घडवणं, मग लाकडाची काठी, मग धातूचं, आणि सगळ्यात शेवटी रिकामे हात. दोन वर्षांत मी लाकडापर्यंत पोचलो. फार सुंदर आहे, पण ज्याला 'हातात काहीतरी हवंय' त्याला पहिलं वर्ष उपवासाचं जाईल. शिवाय त्यातल्या खालच्या बैठका तुमच्या गुडघ्याला मानवतील असं वाटत नाही.

दुबईतला_देशस्थ

कुलकर्ण्यांच्या बरोबर उलट. फिलिपिन्सच्या आर्निसमध्ये पहिल्याच दिवशी काठी, आणि रिकामे हात नंतर. ऑफिसातला एक फिलिपिनो सहकारी गच्चीवर शिकवायचा. साधारण २८ इंची वेताच्या दोन काठ्या, समोर दुसरा तसाच, आणि ठरलेल्या लयीत एकमेकांच्या काठीवर वाजवत जायचं. सिनावाली म्हणतात त्याला. आपल्या टिपऱ्या आठवा, फक्त चुकलं तर बोटावर बसते. २००९ साली त्यांनी कायदा करून याला राष्ट्रीय खेळ केलं. पुण्यात कुणी शिकवत असेल तर नवख्या माणसाला यासारखं सोपं दार नाही.

सांधेजोड

फिजिओथेरपिस्ट आहे म्हणून दोन शब्द. गुडघा फक्त जिना उतरताना कुरकुरत असेल, सूज नसेल, मधेच अडकत नसेल, तर बहुधा मांडीचे स्नायू कमजोर झालेले असतात. तरी एकदा तपासून घ्या. खुर्चीवरून हात न टेकता सावकाश उठणं-बसणं, दहा-दहाचे तीन हप्ते, आजपासून सुरू करा. फेन्सिंगमध्ये पुढे झेप घेतात तेव्हा पुढच्या गुडघ्यावर भार येतो, केन्डोत आपटण्याचा, मर्दानी खेळात बैठकीचा. पूर्ण माफी कुठेच नाही.

पण माझ्याकडे या लोकांपैकी जे येतात ते गुडघा घेऊन येत नाहीत, कोपर घेऊन येतात. लाठी आवळून धरतात. पहिल्या महिन्यात भीतीनं मूठ घट्ट होते आणि रोज शंभर फिरक्या मारल्या की कोपराच्या बाहेरच्या बाजूला आग व्हायला लागते. करंगळी आणि अनामिकेनं धरा, अंगठा-तर्जनी सैल. आणि दोन्ही हातांनी सारखा सराव करा.

वकीलबाई

हे कुणी विचारलं नाही म्हणून मीच सांगते. उत्साहाच्या भरात ऑनलाइन तलवार मागवू नका. शस्त्र अधिनियम १९५९ आणि २०१६ च्या नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार हत्यारं येतात, आणि अधिसूचना निघालेल्या भागात त्यांना परवाना लागतो. कुरिअरनं मागवलेल्या तलवारी पकडल्याच्या बातम्या पुण्यातच वाचल्या असतील. घरातली सुरी आणि शेतातला कोयता त्या कामासाठीच असेल तर वेगळी गोष्ट.

लाठीला परवाना नाही, पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या ३७(१) खाली सणावारी किंवा निवडणुकीत आदेश निघतो, त्या काळात सार्वजनिक ठिकाणी लाठी घेऊन फिरण्यावरही बंदी असते. वर्गाला जाताना लाठी पिशवीत घाला, आणि असा आदेश चालू असेल तर वर्गातच ठेवून या. मिरवणुकीतली पथकं परवानगी काढून येतात.

खडूस_काका

म्हणजे बूटच घ्या.

सेबरचा_बाप

:-)) काका, तुम्ही एकदा या आमच्या हॉलवर.

तिखटमीठ, सगळं वाचून तुमचा गोंधळ वाढला असणार. मी एकच प्रश्न विचारतो. तुम्हाला हत्यार फिरवायचंय, की समोर कुणीतरी उभं हवंय जे परत मारेल? या दोन भुका वेगळ्या आहेत. मिरवणुकीत तुम्ही पाहिलं ते पहिलं. फेन्सिंग, केन्डो हे दुसरं. माझ्या मुलीबरोबर एक मुलगा होता, घरी आरशासमोर इतका देखणा की बघत राहावं. समोर माणूस आला की त्याला रडू यायचं. तो आता नाटकांच्या मारामाऱ्या बसवतो आणि मजेत आहे.

रंकाळा_कट्टा

या प्रश्नावर थोडं रागानं लिहितोय. मर्दानी खेळ म्हणजे नुसतं फिरवणं हा समज मिरवणुकांनी करून दिलाय. रस्त्यावर गर्दीत लढत लावता येत नाही म्हणून प्रात्यक्षिक दाखवतात. लिंबू कापतात, बनेटी (टोकांना पलिते बांधलेली काठी) पेटवतात, लोक टाळ्या वाजवतात. पण तालमीत फरी-गदका बघा. गदका म्हणजे चामडं चढवलेली तीनेक फुटांची काठी, फरी म्हणजे डाव्या हातात चामड्याची छोटी ढाल. समोरासमोर. वारांची नावं ठरलेली: शीर डोक्यावर, तमाचा समोरच्याच्या डाव्या गालफडाकडं, बाहेरा उलट्या हातानं त्याच्या उजव्या अंगाला. नवा माणूस काय करतो? डाव्या हातात ढाल आहे म्हणून त्याला वाटतं आपण झाकलो. तमाचा छान अडवतो, दोनदा अडवतो, खूश होतो. तिसरा येतो बाहेरा. तिथं ढाल पोचत नाही, गदक्यानंच अडवावं लागतं, आणि गदका तेव्हा कुठंतरी हवेत. प्रत्येकाला बसतो. मला बसला, माझ्या पोराला बसला.

म्हणून ताई, वस्तादाकडं गेल्यावर एकच बघा. जुनी पोरं एकमेकांवर वार करतात का, आणि वार लागल्यावर वस्ताद काय म्हणतो. हसला आणि परत लावलं तर तिथं राहा. नुसती फिरवाफिरवी आणि फोटो असतील तर परत या. आणि ज्याच्याकडं घरातनं अर्ध्या तासात पोचता येत नाही तो कितीबी मोठा वस्ताद असू दे, उपयोग नाही. तिसऱ्या आठवड्यात पाऊस लागतो.

तिखटमीठ

सगळ्यांचे आभार. या आठवड्यात बघून येते.

तिखटमीठ

(अडीच महिन्यांनी.) धागा वर काढतेय. तीन ठिकाणी गेले.

एका फेन्सिंग क्लबात माझ्या शेजारी उभा राहिलेला मुलगा सहावीत होता आणि त्यानं मला काकू म्हटलं. सेबरचा_बाप, एपे हातात धरून बघितलं, खरंच आवडलं. पण मोठ्यांची बॅच नव्हती आणि जाऊन-येऊन अडीच तास.

दुसरीकडे मर्दानी खेळाचा वर्ग. झकास जागा, ढोल, भगवे फेटे, पहिल्याच दिवशी माझा लाठी घेऊन फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. तासभर फिरकी. जुन्या मुलींना विचारलं, तुम्ही एकमेकींशी कधी खेळता? त्या म्हणाल्या, कार्यक्रम असला की. परत गेले नाही.

तिसरी जागा घरापासून वीस मिनिटांवर, एका शाळेच्या मागच्या मैदानात. बोर्ड नाही. भाजीवालीनं पत्ता दिला, तिचा भाचा जातो तिथं. वस्ताद साठीच्या पुढचे, बोलणं कमी. लाठी त्यांनीच दिली, माझ्या उंचीपेक्षा चार बोटं कमी, भरीव बांबूची. पाच आठवडे पवित्रा. पाच! मातीवर चुन्यानं चौकोन आखून त्यात पाय. वडापाव_दोजो, तुमचा फोड आठवत होते आणि मनातल्या मनात तुम्हाला शिव्या देत होते. सांधेजोड, खुर्चीवरून उठणं-बसणं चालू आहे. कुरकुर आहे, पण जिना उतरताना कठडा धरत नाही. मूठ मात्र अजून आवळते.

घरी सोसायटीच्या पार्किंगमध्ये सराव करत होते तर वॉचमननं सेक्रेटरींना बोलावलं. सेक्रेटरी आले, दोन मिनिटं उभे राहून बघितलं आणि विचारलं, मुलींसाठी रविवारी क्लास घ्याल का? मला स्वतःला अजून पाच हात येत नाहीत.

आणि काल पहिल्यांदा फरी-गदका हातात दिला. समोर भाजीवालीचा भाचा, वय सतरा. वस्ताद म्हणाले, हळू खेळ, काकू नव्या आहेत. (परत काकू.) पहिला वार अडवला, चामड्यावर चामडं आपटल्याचा तो आवाज! दुसरा अडवला. मी हसले वाटतं. मग काय झालं ते कळलंच नाही, दंडावर आग. आत्ता टाइप करतेय तर तिथं जांभळा पट्टा उमटलाय. नवरा बर्फ घेऊन बसलाय आणि म्हणतोय, गुडघा बरा होता की.

रंकाळा_कट्टा

उजवा दंड ना?

तिखटमीठ

उजवाच.

खडूस_काका

तो भरीव बांबू उन्हात ठेवू नका, तडा जातो. महिन्यातून एकदा जवसाचं तेल लावा, फडकं बाहेर दोरीवर पसरून वाळवा, चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, पेट घेतं. माझ्या वडिलांची माळ्यावर आहे अजून.